मंदाची निळी नळी

मंदा दुधाच्या आधी रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालायची. कान्हे गावच्या दूध केंद्रावर ती तपासणीला होती. दुधाचा वास कुणीही घेतं. ही धुतलेल्या कॅनचा घ्यायची, डोळे मिटून. लोक हसायचे. मीही हसले आहे. ह्या फाल्गुनात ती वारली, म्हणून लिहिते.

गेल्या आषाढात आमचं दूध तीन दिवस केंद्रावरून परत आलं. तापवलं की नासायचं. कॅन धुणं सुनेकडे होतं. मी तिला नको नको ते बोलले, तिच्या आईपर्यंत गेले. तिने माहेरी जायला पिशवी भरली. मी म्हटलं, जा.

चौथ्या दिवशी सकाळी मंदा घरी आली. मी झाकण काढून कॅन तिच्यापुढे सरकवला. "बघ. वरनं चकचकीत, आत काय करती देवाला ठावं."

मंदाने वास घेतला. "मावशी, घासलंय झ्याक. पर चकाकी आपल्या डोळ्यांना. दुधाला डोळं न्हाईत."

तिने उकळून गार केलेलं दूध आमच्या कॅनमध्ये खळबळलं, तसंच स्वतः आणलेल्या कोरड्या कॅनमध्ये. दोन काचेच्या नळ्या भरल्या, दोन्हींत निळं औषध टाकलं आणि कोमट पाण्यात उभ्या केल्या. "जंतू असलं तर निळं जातंय. बसा आता."

मी तांदूळ निवडत बसले. बघता बघता आमची नळी पांढरी झाली. कुणी हात लावला नव्हता. तिची होती तशी निळी. पन्नास वर्षं मी दुधात हात घातला, पण दुधात काय जगतं ते त्या दिवशी पाहिलं.

"धुतल्यावर काय करता?" मंदाने विचारलं.

सून दारातूनच म्हणाली, "मी पालथा घालते. मग आत्याबाई झाकण लावतात."

खरं होतं. माश्या बसू नयेत म्हणून मी रोज ओलाच कॅन उचलून झाकण गच्च दाबत होते.

"ओल, ऊब आन् वरनं दार बंद," मंदा म्हणाली. "सांजच्याला चार जंतू ऱ्हायलं असतील मावशी, सकाळपातुर गाव वसतंय. वारा लागू द्या त्याला."

मी सुनेला म्हटलं, "चूक माझी. पिशवी सोड."

दोन दिवस तिने सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सुताराकडून कॅन पालथे घालायला पट्ट्यांची फळी ठोकून घेतली, माझा हात पोचणार नाही इतकी उंच. मंदाने ती येऊन पाहिली, माझ्या उंचीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता दूध टिकंल."