जीभसाहेबांना दम लागतो

माझे साडू एका पावडरीच्या कारखान्यात चव बसवायचं काम करतात. जिममध्ये जाणारी मंडळी व्यायामाच्या आधी पाण्यात ढवळून पितात ना, ती ही पावडर. प्यायली की अंगात तरतरी येते, लक्ष लागतं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वजन उचललं जातं, असं डब्यावर छापलेलं असतं. डब्यावर जे छापलेलं नसतं ते साडू सांगतात. आतला माल चवीशिवाय तोंडात टाकला तर माणूस थुंकत सुटेल. तरतरी आणणारं कॅफीन कडूजहर, दुसरा एक पदार्थ इतका आंबट की दात शिवशिवतात, आणि उरलेल्यांना ओल्या खडूची चव. या भांडकुदळ मंडळींना एका डब्यात गुण्यागोविंदानं नांदवायचं, हे साडूंचं काम.

आधी ते खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात होते. पोरं तोंड घट्ट मिटून घेतात, त्यांनी निदान दुसरा चमचा तरी मागावा, एवढ्यासाठी त्यांनी तिथं उमेदीची वर्षं घातली. तो कारखाना बंद पडल्यावर इथं आले. इथले लोक त्यांना ‘जीभसाहेब’ म्हणतात. त्यांची खोली कारखान्याच्या मागच्या बाजूला आहे. नाजूक वजनकाटा, कागदी पेल्यांची चळत, बाटल्यांचं कपाट आणि टेबलाला लागूनच थुंकायचं बेसिन. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, साध्या पाण्यानं चूळ भरायची, पुन्हा दुसरा घोट.

असा माणूस घरी जेवणात किती खोडी काढत असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, भाजीत मीठ कमी पडलं असं ते कधी म्हणाले नाहीत. मोठी मेहुणी, म्हणजे आमच्या हिची ताई, म्हणते, “हे जीभ कारखान्यात काढून ठेवून येतात. घरी नुसतं पोट घेऊन येतात.”

पोट मात्र खरंच होतं. व्यायामाच्या पावडरीवर पोट भरणारा हा माणूस, व्यायामाचं कुणी नाव काढलं की कानांवर हात ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावर घर, तर मधल्या वळणावर थांबून खिडकीतून काहीतरी बघण्याचं नाटक करायचे. मी विचारायचो, “काय दिसतंय?” ते म्हणायचे, “समोरच्यांनी पडदे बदललेले दिसतात.” त्या समोरच्यांनी जन्मात पडदे बदलले नव्हते.

तर मागच्या उन्हाळ्याच्या आधी साडूंनी कलिंगडाची चव तयार केली. फार जीव ओतला होता. ऑफिसात ज्यानं चाखली तो पेला चाटून मोकळा झाला. दुकानांत माल गेला, पहिला साठा झपाट्यानं खपलाही. मग तक्रारी यायला लागल्या, आणि सगळ्यांचा सूर एकच: पहिला घोट झकास, पण बाटली संपत नाही.

कारखान्याच्या मालकीणबाई चाळिशीच्या, स्वतः वजनं उचलणाऱ्या. त्यांनी साडूंना बोलावलं. बाई चिडल्या नव्हत्या.

“तुम्ही ही चव कुठं बसून बघितलीत?” त्यांनी विचारलं.

“माझ्या टेबलाशी.”

“एकदा जिममध्ये जाऊन बघा. लोक कशी पितात ते तरी बघून या.”

साडू त्याच दुपारी गेले. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक जिम आहे. तिथं इस्त्रीची पँट, चामड्याचे बूट अशा थाटात ते बाकावर जाऊन बसले. जिम चालवणाऱ्या बाईंना तिथं सगळे ‘कोच’ म्हणतात. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. त्यांना वाटलं, हे कुणाचे तरी वडील आलेत, पोरगं फी भरून दांड्या मारतंय का ते बघायला.

साडू बघत होते. एका दांडगटानं कलिंगडाची पावडर बाटलीत हलवली, मोठा घोट घेतला, खुशीत मान डोलावली. मग वजनं उचलली, घामाघूम झाला, पुन्हा बाटली तोंडाला लावली आणि तोंड वाकडं करून उरलेलं सगळं मोरीत ओतलं.

साडू तीरासारखे उठले. “का हो ओतलंत?”

“काका, आधी भारी लागतं. पण दम लागला की घशात चिकटतं. पाक प्यायल्यासारखं.”

साडूंनी आपल्या पिशवीतली तीच पावडर कालवली, घोट घेतला, जिभेवर फिरवला. चव जागच्या जागी होती. “मला तर काही चिकटत नाही,” ते म्हणाले.

कोच मागून ऐकत होत्या. “बसून कसं चिकटेल? चढा त्या पट्ट्यावर.”

तो पट्टा म्हणजे जागच्या जागी चालायचं यंत्र. बूट काढून, पँट दुमडून साडू चढले. कोचनी वेग वाढवला, पट्टा थोडा चढता केला. साडू हाशहुश करायला लागले, तोंडानं श्वास घ्यायला लागले, घाम डोळ्यांत उतरला. मग कोचनी बाटली हातात दिली.

पुढचं सांगताना त्यांचा चेहरा अजून बघण्यासारखा होतो. “अहो, मीच केलेली चव मला ओळखू येईना! तोंड कोरडं पडलेलं, त्यात तो गोडवा असा लिंपून बसला की जीभ टाळूला चिकटली. कलिंगड कुठल्या कुठं गेलं. साबण लावलेला गूळ!”

दुसरा कुणी खट्टू झाला असता. साडूंना आनंद झाला. आयुष्यभर ज्या जिभेवर भाकरी मिळवली, तिला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती, याचंच त्यांना नवल वाटलं. खात्री करून घ्यायला ते पुन्हा चालले, पुन्हा प्यायले. त्या भरात थुंकायचं विसरले. बाटलीतलं जवळजवळ सगळं पोटात गेलं.

संध्याकाळी ताईचा आमच्या घरी फोन. “तुम्ही दोघं ताबडतोब या. ह्यांना काहीतरी झालंय. कपाटांचे स्क्रू पिळतायत.”

आम्ही धावत गेलो. साडू स्टुलावर उभे. घरातल्या प्रत्येक दाराची बिजागरी घट्ट झालेली, पंख्याची पाती पुसलेली, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे मांडलेले. कित्येक वर्षं कुरकुरणारी खिडकी गपगुमान बंद होत होती.

“साडूभाऊ, खाली उतरा,” मी म्हणालो.

“दोनच स्क्रू राहिलेत. आणि हे बघा, कानांना मुंग्या आल्यात. गालांनाही. काळजी करू नका, पावडरीतल्या एका पदार्थाच्या मुंग्या असतात, आपोआप जातात. सगळ्यांना येतात म्हणून ऐकून होतो, आज स्वतःला आल्या!”

“आणि छातीत काय होतंय?” ताईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

साडूंनी छातीवर हात ठेवून बघितला. “धडधडतंय.”

ताईनं पुढचं काही ऐकलं नाही. पायांत चपला सरकवून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. मागे मी आणि ही. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, छातीचा ईसीजी काढला. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण रक्तदाब जरा वरच होता, आणि तो त्या दिवसाचाच नव्हता.

“हे सकाळपासून चहा किती पितात?” त्यांनी ताईला विचारलं.

“मोजत नाही. पण पातेलं मोठं घेतलंय.”

“मग त्यावर ही पूर्ण बाटली कशाला?” डॉक्टर साडूंकडे वळले. “तुमच्या वयाला, या रक्तदाबाला ही पावडर नको. कामासाठी चाखायची तर चाखा, पण थुंका. तो पट्ट्यावर चालण्याचा उद्योग मात्र सोडू नका. हळूहळू वाढवा. थोडक्यात काय, पावडर थुंका आणि व्यायाम गिळा.”

साडूंनी डॉक्टरांचं ऐकलं. खरं तर त्यांना ते हवंच होतं, कारण आता दमल्याशिवाय त्यांचं काम होणार नव्हतं. मालकीणबाईंनी दुपारनंतरचा वेळ जिमसाठी दिला. कोचनी एका कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवली. साडू चालायचे, मग हलकी वजनं उचलायचे, धापा टाकायला लागले की घोट घ्यायचे, जिभेवर फिरवायचे आणि बादलीत थुंकायचे. पहिल्या दिवसांत तिथली मंडळी नाकं मुरडायची. पुढं तीच पेले घेऊन रांगेत उभी राहू लागली. “जीभसाहेब, आज काय आणलंय?”

सुरुवातीला साडूंचे हाल कुत्रा खात नव्हता. मांड्या अशा भरून आल्या की खुर्चीत बसताना ‘आई गं’ आणि उठताना ‘बाबा रे’. ताई हसून हसून बेजार. पण रोज संध्याकाळी नवरा घामेजलेला आणि शीळ घालत घरी येतो म्हटल्यावर तिलाही राहवेना. एक दिवस तिनं काम सुटल्यावर परस्पर जिम गाठली.

ताई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढायचे, गाडीत टाकायचे, गाडी ढकलत वाळवणीच्या खोलीत न्यायची, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. ती आली तेव्हा साडू जमिनीवरची एक दांडी उचलायच्या खटपटीत होते. दोन्ही बाजूंना चकत्या लावलेल्या, आणि दांडी जागची हलत नव्हती.

“काय एवढं कुथताय?” ताई म्हणाली. “सरका.”

कोच “पाठ सरळ, पाठ सरळ” म्हणेपर्यंत दांडी ताईच्या गुडघ्यांच्या वर आली होती. ती उभी राहिली आणि विचारू लागली, “आता हे कुठं ठेवायचं?” जिममधली सगळी यंत्रं क्षणभर थांबली. साडूंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. थांबेचनात.

तेव्हापासून ती दोघं बरोबर जातात.

या काळात साडूंनी एकामागून एक चवी करून पाहिल्या. गोडवा उतरवला, आंबटपणा पातळ केला, चिमूटभर मीठ घातलं. गोडवा उतरला की कडू डोकं वर काढायचं, त्याला पुन्हा दडपायचं. नाकी नऊ आले. शेवटी लिंबाच्या अंगानं जाणारी एक चव जमली. अंगावरून घाम निथळत असताना ती प्यायली की घसा मोकळा व्हायचा. ज्यानं बाटली मोरीत ओतली होती त्या दांडगटानं शेवटचा थेंबसुद्धा बाटली उलटी करून घेतला.

ऑफिसात मात्र ती कुणाला रुचली नाही. “पाणचट आहे,” विक्री बघणारे गृहस्थ म्हणाले. “जीभसाहेब, दुकानात गिऱ्हाईक उभ्या उभ्या एक घोट घेऊन ठरवतं. तिथं कोण पळून येतं?”

ते चुकीचं बोलत नव्हते. दोन-चार दुकानांत नमुने ठेवून बघितले, तर लोकांनी पेला खाली ठेवून कलिंगडच मागितलं.  तिसऱ्या दिवशी साडू स्वतःच मालकीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, “ते बरोबर बोलतायत. पण जिमवाल्यांसाठी थोडा माल काढू या का?”

बाईंनी मधला मार्ग काढला. कलिंगडाचा गोडवा थोडा कमी झाला, दुकानांतली मागणी होती तशीच राहिली. लिंबाची चव छोट्या प्रमाणात काढून थेट जिममध्ये द्यायला लागले. ती काही धो धो खपत नाही. पण जो घेतो तो पुन्हा तीच घेतो, आणि साडूंना एवढं पुष्कळ आहे. त्यांनी एक हट्ट मात्र धरला आणि विक्रीवाल्यांनी त्यांची बाजू घेतली म्हणून तो पुराही झाला: दोन्ही डब्यांवर समोरच्याच बाजूला मोठ्या अक्षरांत छापायचं की पहिल्यांदा घेणाऱ्यानं अर्धाच चमचा घ्यावा, चहा-कॉफी धरून हिशेब करावा, आणि रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आता साडूंचा रक्तदाब बराच ताळ्यावर आहे. पातेलंही लहान झालंय. पोट गेलं असं मी म्हणणार नाही, पण ते कमरेच्या पट्ट्याच्या आत राहतं. जिना एका दमात चढतात आणि वर पोहोचून माझी वाट बघत उभे राहतात, हा खरा छळ आहे.

गेल्या रविवारी मलाही ओढून नेलं. मी दोन बैठका काढून भिंतीला टेकलो. पलीकडे कोच ताईला सांगत होत्या की पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या वजन उचलायच्या स्पर्धा असतात, नाव देऊ या. ताई म्हणाली, “मला बाई सगळ्यांसमोर लाज वाटेल.” मग थोड्या वेळानं विचारलं, “कपडे कसले घालावे लागतात?”

साडू पेल्यात काहीतरी ढवळत होते. नवीन चव, संत्र्याची. मला एक घोट दिला आणि डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“बरी आहे,” मी म्हणालो.

“तुम्हाला अजून पुरेसा दम लागलेला नाही,” ते म्हणाले, आणि माझा हात धरून मला पट्ट्याकडे नेलं.