मोहाखालचा ट्राम थांबा

अंगात आलेल्या बायकांना मी तांब्याभर पाणी देऊन खाली बसवलेलं आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाते, आजही. तेव्हा खालचं वाचून कोणाला 'म्हातारी चळली' म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा...

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. नवेगाव बांधच्या बाजूला, छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, आमचं स्टेशन – एक खोली आणि एक कडुनिंब. पण आधी त्याचा थाट होता. जंगलातलं सागवान घेऊन बैलांची ट्राम तिथवर यायची. रुळांवर लाकडाचे गाडे, पुढच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा. आमच्या गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली तिचा थांबा. रूळ एकच, म्हणून नियम असा की रिकाम्या ट्रामने थांब्यावर कडेला व्हायचं आणि भरलीला वाट द्यायची. स्टेशनात घंटा ऐकू आली की रेल्वेगाडीसुद्धा भरलीसाठी थांबायची. पुढे ट्राम बंद झाली, रूळ उखडून नेले. त्या जागी बैलगाडीची वाट पडली.

त्या चैतात माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. सुईणीने हात टेकले, गोंदियाला न्या म्हणाली. भाऊ परगावी, आणि गोंदियाला जाणारी दुपारची गाडी एकच. बाबांनी बैल जुंपले. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

मोहाखाली येताच बैल थांबले. ही जोडी ट्राम बंद पडल्यानंतर घेतलेली. त्यांनी रूळ पाहिलासुद्धा नव्हता. तरी आपण होऊन कडेला सरले आणि माना खाली घालून उभे राहिले. मी काठी उचलली, तर बाबांनी माझा हात धरला. एके काळी ते त्या ट्रामचे मुकादम होते.

"भरली जाऊन राहिली, बाई," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे तिले."

मला असा संताप आला म्हणून सांगू! तिकडे गाडी स्टेशनात शिरल्याची शिट्टी झाली, आणि हे इथे वाट देत बसलेत... मग मलाही ऐकू आलं. रुळांवरची घरघर. घंटा. भर उन्हात, वाटेवर चिटपाखरू नाही – पण आमची गाडी थरथरली आणि ताज्या कापलेल्या सागवानाचा वास अंगावरून गेला. वहिनी कण्हायची थांबली. भीती वाटली नाही हो. देवळात आरतीला उभं राहावं तसं वाटलं, हात आपोआप जोडले गेले.

घंटा स्टेशनाच्या दिशेने दूर गेली. बैल न हाकता चालू लागले. रेल्वे चुकली असंच धरून मी रडत होते.

गाडी उभी होती! म्हातारा गार्ड फलाटावर येऊन आमच्या मागच्या वाटेकडे बघत होता. बाबांना ओळखून त्याने विचारलं, "मुकद्दम, ट्राम कहाँ है? घंटी सुनी, इसलिए गाड़ी रोक के रखी."

म्हणता म्हणता त्याच्याच ध्यानात आलं, ट्राम तर केव्हाच बंद झालेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याने आणि बाबांनी मिळून वहिनीला डब्यात चढवलं.

गोंदियाला वहिनीला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजची गाडी चुकली असती तर दोघीही गेल्या असत्या.

बैलांना कोणी शिकवलं, गार्डाने काय ऐकलं... बाबांना मी कितीदा विचारलं. "मले का माहीत," एवढंच म्हणायचे. मलाही आजवर उलगडलेलं नाही. ती भाची आता स्वतः आजी झाली आहे. मोह केव्हाच पडला, वाटेवर डांबर आलं. पण त्या जागी पोचले की मी अजून कडेला होऊन थोडी थांबते. लोक हसतात. हसू देत.