ठाऊक नसेल तरच विचारा

प्रशिक्षणाला नेलेलं पेन तिथेच राहतं. किस्से मात्र सोबत घरी येतात. भिवंडीत आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी निवृत्त प्राध्यापक, शिक्षणशास्त्रात पीएच.डी., तरी माईक हातात आला की पहिलं वाक्यच विसरतो. जोडीला सुमनताई, पाड्यावर वाढलेल्या वारली शिक्षिका. त्यांना माईकच लागत नाही!

*

ताईंनी पहिला तास सगळाच्या सगळा वारलीत घेतला. शिक्षकांना एक अक्षर कळलं नाही.

ताई मला म्हणाल्या, "सर, वर्ग जरा मंद दिसतो!"

मागून पूर्णा गावच्या शाळेतले म्हात्रे सर कळवळले, "ताई, चहाचं तरी मराठीत विचारा!"

*

माझा पीपीटी सुरू झाला आणि लाईट गेली. मी घामाघूम. ताई खूश. "चला, आता शिकवू या!"

*

म्हात्रे सरांना एकच काळजी होती. त्यांच्या वर्गातली कातकरी मुलगी, जाई, अवाक्षर बोलत नव्हती. आई म्हणायची, "पोर शाळंत रमत न्हाय. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नेते."

"तुम्ही तिला विचारता काय?" ताईंनी चौकशी केली.

"हेच, हा रंग कोणता, हे फळ कोणतं..."

"आमच्या पाड्यावर ज्याला ठाऊक नसतं तोच विचारतो. पोरीला वाटत असेल, सरांना साधा लाल रंग कळत न्हाय!"

मी जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या. घाबरत विचारलं, "मग माझ्याबद्दल मुलांना काय वाटलं असेल हो?"

"दया!"

*

म्हात्रे सरांनी लगेच आपल्या शाळेतल्या वर्गात विचारलं, "चिंबोरी कशी पकडतात रे?"

पोरं हसत सुटली. "सर, तुम्ही आगरी ना? खेकडे पकडतच वाढलात! खोटं नका बोलू!"

जाईही हसली. बोलली मात्र नाही.

*

मग ताईंनी मला म्हात्रे सरांच्या शाळेत धाडलं. दिवसभर मी मागे बसून राहिलो. एकही प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. शाळा सुटल्यावर निघालो, तर गोदामांच्या सगळ्या गल्ल्या सारख्याच! फिरून फिरून पुन्हा शाळेच्या फाटकाशी. तिथे जाई एकटीच उभी.

"बाळ, रिक्षा कुठे मिळते गं?"

तिने मला नीट न्याहाळलं. मग माझं बोट धरलं. "हिकडं न्हाय. त्या निळ्या गोदामामागून. चल."

रिक्षात बसवून वर दम दिला, "उद्या फाटकाशीच थांब. एकटा जाऊ नको. मी हाय."

मी तिथूनच म्हात्रे सरांना फोन लावला. जाई बोलली, हे सांगितलं.

"सर," ते म्हणाले, "दिवाळीनंतरही वाट चुकत राहाल ना?"