गुरचरणावरचा वॉचमन

नेरे गावाजवळचं गुरचरण कागदावर पडीक होतं, म्हणून सरकारने ते एका गॅस कंपनीला भाडेपट्ट्याने दिलं. त्या ‘पडीक’ जमिनीवर जन्मभर गावच्या म्हशी चारणाऱ्यालाच कंपनीने वॉचमन नेमलं. स्कूटरवरून जाताना तो मला रोज दिसायचा. अंगात निळा गणवेश, खांद्यावर मात्र जुनीच घोंगडी. काम एकच, म्हशी आत येऊ द्यायच्या नाहीत.

एकदा फाटक उघडं राहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हशी आत शिरल्या. कंपनीचे साहेब ओरडले, “हाकल त्यांना!” त्याने तोंडाशी हात नेऊन लांबलचक हाक मारली. रस्त्यावरचा उरलेला कळपही धावत आत आला.

मला हसू आवरेना. तो शांतपणे म्हणाला, “आमी यांना जलमभर बोलावलंच. हाकलायला सरकार हाय की!”