हळदीची ओढणी

नलूताई गेल्याचा फोन प्रेसवर आला तेव्हा माझ्या हातात ओली पत्रकं होती. पलीकडून तिचे यजमान, आमचे भाऊजी, बोलत होते. "सुमे, नलू..." एवढंच म्हणाले. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. आमच्या पेणच्या प्रेसमधलं ते जुनं ट्रेडल मशीन कामाच्या वेळेत असं सहसा थांबत नाही, त्यामुळे शेजारचे दुकानदारही बाहेर येऊन बघायला लागले. साधी कावीळ म्हणून सुरुवात झाली, गावठी औषध झालं, मग दवाखाना झाला, आता उतार पडतोय असं सगळे म्हणत होते... आणि ती गेली. तिशी नुकती ओलांडली होती. तेव्हा माघ संपत आला होता. आता शिमगा होऊन गेला, पाडवा तोंडावर आला. हे दिवस तिचे असायचे. थंडीची गोधडी घडी करून वर टाकायची आणि वर्षभराचे कपडे खाली काढायचे, हे ती याच दिवसांत करायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या शाईत मोर्च्यांची पत्रकं निघायची. अक्षरं मी 'जाहीर निषेध' वाचून शिकले. त्यामुळे कुणा एका माणसाबद्दल लिहायला बसलं की यात मागण्या कुठे लिहायच्या, असं मला होतं. नलूताईची मागणी एकच होती आणि तिने ती कुणाकडे मागितलीही नव्हती. तिला धाटावची नोकरी सोडायची नव्हती.

ती माझ्या मामाची मुलगी, हमरापूरची. मामाचा गणपतीचा कारखाना. तिथल्या पोरी शाळेतून आल्या की दप्तर टाकून ब्रश हातात घेतात. आधी सगळ्या मूर्तींचं अंग, मग पीतांबर, मग शेला, मग दागिने आणि अगदी शेवटी डोळे. डोळे फक्त मामा काढायचे. डोळे उघडेपर्यंत त्या कारखान्यात कुणी मूर्तीला देव म्हणत नाही, 'माल' म्हणतात. "माल वाळला काय गो?" असं मामी अंगणातून ओरडायची. नलूताई त्या मालात वाढली, लग्न होऊन रोह्याला गेली आणि धाटावच्या एका कंपनीत डिस्पॅचला लागली. पिंपांवर लेबलं चिकटवायची, सरकत्या पट्ट्यावरून पुढे सोडायची. स्वतःच्या पगाराचं तिला फार होतं. पगार झाला की ती भाऊजींना चहा पाजायची, हॉटेलात, समोरासमोर बसून. "ह्याला म्हणतात नोकरी," म्हणायची.

नोकरीला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा शिमग्याच्या आधी कंपनीने सांगितलं की पट्ट्यावर साडी चालणार नाही. एका बाईचा पदर अडकता अडकता वाचला होता. एप्रिलपासून ड्रेस घालून यायचं, नाहीतर काम बंद. आज हे वाचून कुणी हसेल. पण तेव्हा रोह्याच्या त्या आळीत लग्न झालेली बाई पंजाबी ड्रेस घालून उंबऱ्याबाहेर पडत नव्हती आणि नलूताईच्या घरात तर तो शब्दही निघत नव्हता. तिच्या सासूबाई खाडीकाठच्या. उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली. घरात कमी बोलायच्या, पण त्या बोलल्या की पुढे कुणी बोलायचं नाही.

शिमग्याला माहेरी आली तशी ती सरळ प्रेसवर आली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. मी सगळं ऐकलं आणि पेटले. त्याच संध्याकाळी पत्रकाचा मजकूर तयार केला. पहिल्या परिच्छेदात सुनांना ड्रेस घालू न देणाऱ्या घरांचा समाचार आणि दुसऱ्यात बायकांनी काय घालायचं ते परस्पर ठरवणाऱ्या कंपन्यांचा. नलूताईने तो नीट वाचला. मग म्हणाली, "सुमे, आधी ठरव. मी ड्रेस घालायचा हाय की नाय?"

"ते तू ठरवायचं! तोच तर मुद्दा आहे."

"मी ठरवलाय. घालायचाय. पण तुझ्या पत्रकाने सलवार शिवून होते काय गो?"

मुद्दा माझाच बरोबर होता आणि आजही आहे. बाईच्या अंगावर काय असावं हे घरानेही ठरवू नये आणि कंपनीनेही. पण एप्रिल जवळ येत होता आणि नलूताईला लढाईपेक्षा कपडे हवे होते. तिचा हिशेब वेगळाच होता. एकच ड्रेस शिवला तर बसमधल्या बायका म्हणणार, हिच्याकडे दुसरा नाही. ढीगभर शिवले तर सासूबाई म्हणणार, ही कामाला जाते की नटायला? शिवाय कपाटात तिच्या वाट्याला एकच फळी. तेव्हा कपडे थोडेच, पण असे, की कुठलाही कुठल्याही दुसऱ्यावर जाईल, कामाला चालेल, लग्नाला चालेल आणि सासूबाईंसमोर बसायलाही चालेल. दोन सलवारी, तीन कमीज आणि सगळ्यांवर एकच ओढणी. रंग चुकला तर सगळंच फसणार होतं.

मग तिने जे केलं ते हमरापूरची पोरगीच करू जाणे. कागदावर रंगाचे ठिपके काढून तिला काही कळेना. रंग अंगावर एकाखाली एक कसा बसतो ते बघायला अंग पाहिजे, म्हणाली. कारखान्याच्या कोपऱ्यात फुटका माल पडलेला असतो, हात तुटलेले, सोंड उडालेले छोटे गणपती. त्यातले काही तिने उचलले. पीतांबर म्हणजे सलवार. पोटाला रंग दिला, तो कमीज. शेला म्हणजे ओढणी. एका बाजूला सुपारीच्या रंगाचे पीतांबर, दुसऱ्या बाजूला गडद निळे, वर कुणाला मोरपंखी कमीज, कुणाला विटकरी, कुणाला मेंदीचा हिरवा. मामा येऊन बघून गेले. "देवाला झबलं घातलंस काय गो?" म्हणाले. ती म्हणाली, "डोळे कुठे हायत? माल हाय हा." सगळं जमलं, अडलं ते शेल्यापाशी. मोरपंखीवर जाणारा रंग विटकरीवर जाईना आणि विटकरीवरचा मेंदीला मारून टाकी. शेवटी तिने सगळ्यांचे शेले पांढरेच ठेवले.

यातला एक गणपती पिशवीत घालून आम्ही पेणच्या बाजारपेठेत कापड घ्यायला गेलो. तिने तो काउंटरवर ठेवला मात्र, दुकानदार पटकन चपलेतून बाहेर आले.

"मोसमाच्या आधीच गणपती आणलेत, ताई? आणि असा?"

"ह्याच्या पोटाचा रंग दाखवा," नलूताई म्हणाली, "पॉपलीनमध्ये."

त्यांनी दाखवला. पण प्रत्येक तागा गणपतीला लावताना आधी कपाळाला हात लावायचे. निघताना म्हणाले, "पीतांबराचं पण घ्या, उरलेलं कापड आहे, देवाच्या नावाने भाव कमी करतो." बाहेर आल्यावर नलूताई हसून हसून रस्त्यातच बसली. तो गणपती ती प्रेसमध्येच विसरून गेली आणि तेव्हापासून तो आमच्या पत्रकांवर वजन म्हणून आहे.

कापडाचा गठ्ठा आणि बाकीचे गणपती घेऊन मी तिच्याबरोबर रोह्याला गेले. सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं आणि सांगताना कुणीतरी शेजारी हवं होतं. पोचलो त्या संध्याकाळी तिचा धीर झाला नाही. "सकाळी बोलू गो," म्हणाली. आणि ओढणीचं कोडं सकाळच्या उजेडात सुटतंय का बघावं म्हणून गणपती खिडकीत ओळीने मांडून ठेवले. हीच तिची चूक. कारखान्यात वाढलेल्या मुलीला माल आणि देव यांच्यामधली रेघ इतकी पक्की ठाऊक असते, की ती रेघ बाकीच्या जगाला दिसतच नाही हे तिच्या ध्यानात येत नाही.

सकाळी मला जाग आली ती उदबत्तीच्या वासाने. खिडकीत निरांजन, समोर साखरेची वाटी, प्रत्येक गणपतीला कुंकू. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

"नले, देव असे कोन टाकतं गो? हात नाय, डोले नाय. शेले पन कोरे र्‍हायलेले. मी हलद लावलीय."

नलूताई दारातच थिजली. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते आमच्या दोन्ही घरांत अजून सांगितलं जातं. "अहो आई, ते देव नाय... ते माझे ड्रेस हायत!"

चहा पिणाऱ्या भाऊजींना ठसका लागला. सासूबाईंनी हात खाली घेतले. "ड्रेस?"

मग सगळं बाहेर आलं. कंपनी, पट्टा, पदर, एप्रिल. शेवटी नलूताई म्हणाली, "साडी नेसून गेले तर काम जातंय, आई. मला काम सोडायचं नाय." माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, पण तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सासूबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "मिठागरात जायचो तवा कासोटा वर खोचून खाऱ्या पान्यात उभ्या र्‍हायचो. गुडघे उघडे. तवा कोनी नाय इचारला. कामाचा कपडा कामाचाच असतो." मग नलूताईकडे वळून म्हणाल्या, "पन ओढनी मोठी घे, चार मानसांत डोक्यावर घेता आली पायजे. आनि पांढरी नको, सवाष्न हायस."

नलूताईचं लक्ष मात्र खिडकीत लागलं होतं. ऊन त्या ओळीवर आलं होतं. हळदीचे शेले मोरपंखीवर, विटकरीवर आणि मेंदीवरही असे बसले होते, जसे काही त्यांच्यासाठीच होते. तिने सासूबाईंचा हात धरला. "आई, हळद किती घातलीत? तेवढीच पायजे मला."

बाजारातून आणलेली मोठी पांढरी वॉयलची ओढणी त्या दोघींनी मागच्या अंगणात हळदीच्या पाण्यात बुडवली. रंगांत जन्म काढलेल्या नलूताईला साबण लागला की हळद लाल होते हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच धुण्याला ती "आई, रक्त!" म्हणून किंचाळली. सासूबाई म्हणाल्या, "पान्यात खंगाळ, जाईल." गेलं. पण उन्हाने हळद उतरते, म्हणून दर पाडव्याआधी ओढणी पुन्हा रंगवायची असं ठरलं. ते काम सासूबाईंनी कुणाला दिलं नाही. पूजा झालेले गणपती त्यांनी भाद्रपदात घरच्या गणपतीबरोबर कुंडलिका नदीत सोडले. पुजलं ते देव झालं, मग त्याच्या पोटाचा रंग कुठलाही असो.

नलूताईची नोकरी टिकली. बसमधल्या बायका विचारायच्या, "नलू, किती गो ड्रेस तुझे?" ती नुसती हसायची. लग्नाला ती मोरपंखीवर निळी सलवार घालून यायची आणि पेणच्या नव्या रेडिमेड दुकानांतून गाठोडी भरून कपडे आणणाऱ्या आमच्या नातलग बायका तिच्याकडेच वळून बघायच्या. जाहिराती आपल्याला सांगतात, मोसम बदलला की सगळं नवं घ्या. हे ज्या पुरवणीत छापून येतंय तीही तेच सांगते, मला माफ करा. नलूताई दर वसंतात फक्त एकच कपडा नवा घ्यायची, जो विरला असेल त्याच्या जागी. विरलेल्याची उशीची खोळ व्हायची. "नव्याने जुन्यांशी जमवून घ्यायचं, सुनेसारखं," असं ती एकदा म्हणाली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "जुन्यांनी पन घ्यायला लागतं गो."

तेराव्यानंतर तिचे कपडे कपाटातून काढले. एका पिशवीत मावले. कुणी म्हणालं, नदीत सोडा. सासूबाईंनी ऐकलं नाही. "कामाचे कपडे हायत, कामाला जातील," म्हणाल्या. कंपनीच्या बसमधल्या बायकांना त्यांनी एकेक कपडा दिला. ओढणी तेवढी दिली नाही, चार दिवस ठेवून घेतली. पाडवा लांब होता, तरी हळद भिजवली, रंगवली, सावलीत वाळवली आणि मग दिली. "उतरलेली कशी देऊ?" मला विचारलं.

गेल्या आठवड्यात मी रोह्याला गेले होते. सकाळी धाटावची बस जिथे थांबते तिथे मुद्दाम उभी राहिले. बायका जमत होत्या. एकीची सलवार सुपारीच्या रंगाची, वर स्वतःचा फुलाफुलांचा कमीज. दुसरीचा कमीज विटकरी, सलवार घरची काळी. प्रत्येकीच्या अंगावर एकच काहीतरी नलूताईचं, बाकी जिचं तिचं आणि कुठेच काही विजोड दिसत नव्हतं. शेवटी एक जण धावत आली. नलूताईच्या शेजारच्या सीटवर बसायची ती. पोपटी ड्रेस आणि त्यावर हळदीची ओढणी. मला ओळखून थांबली, ओढणीचं टोक हातात धरून माझ्यासमोर केलं. बस सुरू झाली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"जाते ना गो ह्याच्यावर?"

"जाते," मी म्हटलं. "कशावरही जाते."