छाती न आवळणारं जॅकेट

दिल्लीला समुद्र नाही. त्यामुळे स्कूबा शिकायचं तर लोक आधी आमच्या फरीदाबादच्या स्विमिंग पूलवर येतात आणि मग अंदमानला जातात. पूलवर शिकवणारी बरीच वर्षं मी एकटीच होते. मग तो आला. माझाच विद्यार्थी, मूळचा पुण्याचा. नोएडातली आयटीची नोकरी सोडून अंदमानला गेला आणि इन्स्ट्रक्टर होऊन परतला. महिन्याभरात फोनवर लोक विचारायला लागले, "वो सर हैं क्या?"

नवशिक्यांची जॅकेटं जुनी झाली होती. हवा भरली की माणसाला तरंगत ठेवतात ती. पूलच्या मालकांनी आम्हा दोघांना पसंती विचारली. मी म्हटलं, नेहमीचीच घ्या. हवा कडेनेही भरते, माणूस पाण्यावर सरळ उभा राहतो, तोंड बाहेर राहतं. घाबरलेल्याला आणखी काय हवं?

"ताई, मला पाठीत हवा भरणारं बरं वाटतं," तो म्हणाला. "पाण्याखाली शरीर छान आडवं राहतं."

"आणि वर आल्यावर तोंडावर आपटतील त्याचं काय?"

"मागे रेलायला शिकवू ना."

मालक म्हणाले, "चलो, ट्राय करके देखते हैं." दोन्ही नमुने आले.

पहिल्यांदा घालून बघायला मी माझ्या विद्यार्थिनीलाच बोलावलं. मयूर विहारच्या, सरकारी नोकरीतल्या, पन्नाशीच्या बाई. पाण्याला इतक्या घाबरायच्या की, पाण्याखाली जायची वेळ आली की दर वेळी माझा हात घट्ट धरायच्या. माझं जॅकेट घालून त्या नेहमीसारख्याच खाली गेल्या आणि लगेच वर आल्या. मग त्याचं घातलं. वर येताना पुढे कलंडल्या, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण तो म्हणाला, "काकू, आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे टेका." त्या टेकल्या आणि चक्क हसायला लागल्या. पुन्हा खाली गेल्या, तळापासून हातभर वर स्थिर राहिल्या. कुणाचाही हात न धरता.

बाहेर आल्यावर त्याला म्हणाल्या, "अरे, त्या दुसऱ्यात हवा भरली की छाती आवळल्यासारखी होते. म्हणूनच जीव घाबरायचा माझा."

हे त्या मला कधीच बोलल्या नव्हत्या. त्याला एका दुपारीत सांगून मोकळ्या झाल्या.

"बिल्कुल सही," मालक म्हणाले आणि त्याच्या पसंतीची जॅकेटं मागवली. वर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला ताईंनीच शिकवलंय हं." त्यानं तर मी आणखीच जळले.

शिकवणाऱ्याच्या अंगावर विद्यार्थ्यांसारखंच जॅकेट हवं, म्हणून आता मीही तेच घालते. चांगलं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात बाई त्याच्याबरोबर अंदमानला गेल्या. तिथून फोटो पाठवला: निळं पाणी, दोघं शेजारी आडवे तरंगताहेत. मी "मस्त!" असं उत्तर पाठवलं. मग फोटो मोठा करून बाईंच्या जॅकेटचा पट्टा कुठे सैल राहिलाय का, ते बराच वेळ शोधत बसले.

कुठेच नव्हता.