रिकामी समजलेली जागा

इस्त्री अर्ध्यावर होती. सदऱ्याची एक बाही सरळ झाली होती, दुसरी तशीच चुरगळलेली, आणि ताई हातातल्या छायाचित्राच्या कागदाकडे बघत बसल्या होत्या.

"ताई, जळेल ते," म्हणत भावजयीनं बटण बंद केलं. "आकाशातलं सगळं दिसतं तुम्हाला, समोरचं सोडून."

ताई हसल्या नाहीत. बावीस वर्षं त्या वेधशाळेत दुर्बिणीवर कामाला होत्या. दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळल्या की मधोमध धूळ साचते. तिच्याआड एखादं कृष्णविवर भोवतालचं गिळत बसलेलं असतं. ते दिसत नाही, पण त्याची ऊब धुळीतून झिरपते. ती टिपायची तर आपल्या आकाशाची ऊब आड येते. म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशाचं माप घेऊन ते वजा करायचं, हा शिरस्ता.

वेधशाळेतले त्यांचे वरिष्ठ, सर, म्हणायचे, अशाच एका जोडीत विवर आहेच. तसा लेखही त्यांनी लिहिला. चार वर्षांपूर्वी ताईंनी वेध घेतला, वजाबाकी केली आणि सांगितलं, "सर, काही नाही तिथं." सरांनी लेख मागे घेतला. लोक तोंडावर गोड बोलले, पाठीमागे हसले. सर मात्र ताईंना म्हणाले, "तुझं माप चुकायचं नाही."

चुकलंच होतं. काल मोठ्या दुर्बिणीची नवी छायाचित्रं आली तेव्हा कळलं, रिकामी म्हणून धरलेली जागा रिकामी नव्हतीच. जोडीतल्या दुसऱ्या आकाशगंगेचा गाभा तिथंच धुळीत गाडलेला होता. त्यातही विवर, त्याचीही जवळजवळ तेवढीच ऊब. एकातून दुसरी वजा झाली आणि हाती भोपळा आला.

सर जाऊन तीन आठवडे झाले होते. मागे त्यांच्या पत्नी, काकू, होत्या.

"काकूंना कशाला सांगताय?" भावजय हळूच म्हणाली. "गेलेल्या माणसाला काय त्याचं? उगाच तुमच्या नोकरीवर यायचं. देव बघतोय, त्याच्यावर सोडा."

"चूक माझी. ती देवाच्या गळ्यात कशी घालू गं?" ताई म्हणाल्या. "काकू परवा म्हणाल्या, आयुष्यभर नसलेल्या गोष्टीमागे धावले बिचारे. त्यांच्या सगळ्या वह्या रद्दीत काढल्यात त्यांनी."

भावजयीनं कागदाची घडी घालून ताईंच्या पिशवीत ठेवली.

ताईंनी चपला घातल्या. रद्दीवाला पाच वाजता येणार होता. त्याआधी काकूंकडे जाऊन, आपली चूक सांगून सरांच्या वह्या घरी आणायच्या होत्या.